आवाज कुठून आला?

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. आज लिहितेय ते एका वादळी 'बंब प्रकरणा'मुळे. नातेवाइकांपैकी बहुतेकांना ते ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीची वाट तिथूनच जाते.

आम्ही दिंडोशीला म्हाडाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. मागच्या अंगाला जंगल, पुढे द्रुतगती महामार्ग आणि २०२२ पासून त्याच्यावरून धावणारी मेट्रो. आवाजांची आम्हाला सवय आहे. पण काही वर्षांपूर्वी रोज पहाटे पाचच्या सुमाराला डोक्यावर ठण-ठण-ठण असा आवाज सुरू झाला. दहाएक मिनिटं चालायचा आणि थांबायचा. आवाज छतातून येत होता, म्हणजे तो वरच्यांचा, यात मला शंकाच नव्हती. वर एक निवृत्त काका एकटेच राहतात. मी जाऊन त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मी तर सहाला उठतो हो." मला ते अजिबात पटलं नाही. पुन्हा दोनदा गेले, आवाज चढवून बोलले. मग सोसायटीच्या सभेत, नाव न घेता पण सगळ्यांना कळेल अशा बेताने, 'काही लोकांना शेजारधर्म नसतो' असंही बोलून मोकळी झाले.

पुढे एक दिवस पंप बिघडला आणि त्या पहाटे आवाज आला नाही. नवऱ्याच्या डोक्यात ट्यूब पेटली. मोरीवरच्या माळ्यावर चढून बघतो तर सासूबाईंचा जुना तांब्याचा बंब पाण्याच्या पाइपाला टेकलेला! पहाटे पाणी आलं, पंप सुरू झाला की पाइप थरथरायचा आणि बंब वाजायचा. म्हणजे जो आवाज मी वरच्यांच्या माथी मारत होते तो माझ्याच घरातला होता. बंब हलवला. पण वर जाऊन माफी मागायला काही पाय उचलला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिले.

माझा भाचा तेव्हा बीएस्सीला होता, फिजिक्स घेऊन. त्याला ही गोष्ट सांगितली तर हसून म्हणाला, "मामी, तुझ्या बंबासारखंच ऑस्ट्रेलियात झालंय. फक्त तिथे बंब नव्हता, मायक्रोवेव्ह होता." तिथून मी जी वाचत सुटले ती अजून थांबलेली नाही.

तर गोष्ट अशी. ऑस्ट्रेलियात पार्क्स नावाच्या गावी ६४ मीटर व्यासाची एक रेडिओ दुर्बीण आहे. माणूस चंद्रावर उतरला तेव्हाची, १९६९ ची, दृश्यं जगाला दाखवण्यात या दुर्बिणीचा मोठा वाटा होता. २००१ मध्ये ती पल्सार नावाचे तारे शोधत होती आणि माहिती टेपवर साठवली जात होती. सहा वर्षांनी, २००७ मध्ये, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात डंकन लॉरिमर यांच्याकडे शिकणाऱ्या डेव्हिड नार्केविक या विद्यार्थ्याने ती जुनी माहिती पुन्हा चाळली. त्यात त्याला एक ठिणगी सापडली. पाच मिलिसेकंदांहूनही कमी वेळ टिकलेली, पण भयंकर प्रखर. सहा वर्षं ती टेपमध्ये झोपून होती! कुणी 'जुनं झालं, टाका' म्हणून त्या टेप पुसल्या असत्या तर? (आमच्याकडे माळा साफ करण्यावरून होणारी भांडणं आठवली.)

ती प्रखर होती यापेक्षा ती लांबून आली होती, हे जास्त महत्त्वाचं. ते कसं कळतं? आपल्या लोकलवरून सांगते. चर्चगेटहून एकाच क्षणी एक फास्ट आणि एक स्लो गाडी सुटली असं समजा. दादरला दोघींत थोडंच अंतर पडेल, अंधेरीला जास्त, बोरिवलीला त्याहून जास्त. प्लॅटफॉर्मवर उभं राहून, दोघी किती मिनिटांच्या फरकाने आल्या एवढं मोजलं, तरी वाटेत किती स्टेशनं लागली याचा अंदाज येतो. रेडिओ लहरींचं तसंच आहे. तारे आणि दीर्घिका यांच्यामधल्या जागेत सुटे इलेक्ट्रॉन विखुरलेले असतात. कमी कंपनसंख्येच्या लहरी त्यांच्यामुळे रेंगाळतात, जास्त कंपनसंख्येच्या पुढे निघून येतात. इलेक्ट्रॉन म्हणजे ही मधली स्टेशनं. लॉरिमर यांच्या ठिणगीत हा फरक इतका मोठा होता, की आपल्या आकाशगंगेतले त्या दिशेचे सगळे इलेक्ट्रॉन मोजले तरी तो पुरा पडेना. म्हणजे गाडी पार आकाशगंगेबाहेरून, दुसऱ्या कुठल्यातरी दीर्घिकेतून आली होती. तिथे अशी एक ठिणगी पडते तेव्हा सूर्य काही दिवसांत जेवढी ऊर्जा टाकतो तेवढी क्षणार्धात बाहेर पडते. पुढे या प्रकाराला फास्ट रेडिओ बर्स्ट, थोडक्यात एफआरबी, असं नाव पडलं.

पण लगेच कुणी पेढे वाटले नाहीत. एकच ठिणगी, तीही पुन्हा न दिसलेली. त्यात २०११ मध्ये सारा बर्क-स्पोलाओर आणि सहकाऱ्यांनी पार्क्सच्याच जुन्या माहितीत तशाच दिसणाऱ्या आणखी १६ ठिणग्या शोधल्या. पार्क्सच्या त्या यंत्रणेत आकाशाच्या १३ जागा एकाच वेळी बघणारे १३ डोळे होते. लॉरिमर यांची ठिणगी तीनच डोळ्यांना दिसली होती. या १६ मात्र तेराही डोळ्यांना एकदम दिसत होत्या. दुरून आलेली वस्तू अशी सगळीकडे कशी दिसेल? डोळ्यापाशीच कुणी बॅटरी मारली तरच! म्हणजे या ठिणग्या पृथ्वीवरच्याच होत्या. त्यांना नाव दिलं पेरिटॉन, बोर्हेसच्या पुस्तकातल्या एका काल्पनिक प्राण्याचं. त्याचं अंग पंखवाल्या हरणाचं आणि सावली माणसाची. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

मग मूळ ठिणगीवरही लोक संशय घेऊ लागले. जी माणसं हा शोध मिरवू शकली असती तीच आपल्या आवारात चोर शोधत होती. २०१४ च्या अखेरीस तिथे आसपासचा रेडिओ गोंगाट सतत नोंदवणारं एक यंत्र बसवलं. २०१५ च्या जानेवारीत तीन पेरिटॉन आले आणि तिन्हींच्या वेळी त्या यंत्राने २.४ गिगाहर्ट्झचा गोंगाट टिपला. मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण त्याच कंपनसंख्येवर चालतो. एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी मार्चमध्ये प्रयोग करून बघितला. ओव्हन पूर्ण वेळ चालू दिला तर काही नाही. पण कुणी अधीर माणसाने वेळ संपायच्या आधीच दार उघडलं आणि तेव्हा दुर्बिणीचं तोंड त्या दिशेला असलं, की पेरिटॉन हजर! म्हणूनच पेरिटॉन जेवायच्या वेळेला जास्त यायचे.

हे वाचताना मला आमच्या पहाटे पाचची आठवण झाली. आवाजाचं घड्याळ बघितलं की तो कुणाच्या घरचा ते कळतं. मी ते घड्याळ कधी बघितलंच नव्हतं. सरळ जिना चढून भांडायला गेले होते.

आता खरा मुद्दा. एकदा 'आपलाच आवाज' निघाला, की माणूस दुसऱ्या टोकाला जातो आणि सगळेच आवाज आपले समजायला लागतो. आमचं तसंच झालं. बंब हलवला तरी पाइप अधूनमधून वाजायचाच. छतातून काहीही ऐकू आलं की मी म्हणायचे, "पाइप असेल." एका रात्री दोनच्या सुमाराला वरून धप्प असा आवाज आला. मी कूस बदलून म्हणाले, "पाइप असेल." सासूबाई जाग्याच होत्या. त्या वयात झोप कमी. म्हणाल्या, "अगं, पाणी पाचला येतं. आत्ता दोन वाजलेत. आणि वाजलं ते एकदाच. हा आपला नाही." त्यांनी मला उठवूनच सोडलं. वर गेलो. दार वाजवलं तर आतून बारीक हाक. शेजाऱ्यांकडे किल्ली होती म्हणून बरं. काका बाथरूममध्ये पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळपर्यंत ते तसेच फरशीवर राहिले असते.

शास्त्रज्ञांचंही कौतुक मला याच जागी जास्त वाटतं. ओव्हन सापडला तेव्हा 'चला, सगळंच स्वयंपाकघरातलं' म्हणून फाइल बंद करणं किती सोपं होतं! त्यांनी तसं केलं नाही. २०१३ मध्ये पार्क्सलाच आणखी चार ठिणग्या सापडल्या होत्या. प्रत्येकीतला फास्ट-स्लोचा फरक वेगळा होता, म्हणजे प्रत्येक गाडी वेगळ्या अंतरावरून आली होती. ओव्हनचे आवाज साधारण एकाच छापाचे. २०१२ च्या २ नोव्हेंबरला तर पोर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीलाही एक ठिणगी दिसली होती. तिथे पार्क्सचा ओव्हन कुठून येणार? त्या तारखेवरून तिचं नाव पडलं एफआरबी १२११०२. हीच ठिणगी पुन्हापुन्हा येते असं २०१६ मध्ये जाहीर झालं. हा फार मोठा धक्का होता. एखादा तारा फुटून संपला असता तर पुन्हा हाक कशी आली असती? म्हणजे जे काही होतं ते ठिणगी टाकूनही शिल्लक राहत होतं.

पुन्हापुन्हा येते म्हटल्यावर पत्ताही काढता आला. अमेरिकेतल्या अनेक तबकड्यांच्या व्हीएलए दुर्बिणीने नेमकी जागा दाखवली आणि २०१७ च्या जानेवारीत त्या जागेवरची दीर्घिका जाहीर झाली. तिच्यावरच्या शोधनिबंधाचे पहिले लेखक श्रीहर्ष तेंडुलकर. तेव्हा ते कॅनडात होते, पुढे आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आले. दीर्घिका निघाली तीन अब्ज प्रकाशवर्षांहून लांबची, आणि अगदी चिमुकली. ठिणगी निघाली तेव्हा पृथ्वीवर मासासुद्धा नव्हता, माणूस तर सोडाच.

हे सगळं वाचल्यावर भाचा म्हणाला, "चल, खोडदला जाऊ." जुन्नर तालुक्यातलं खोडद, जिथे जीएमआरटी ही दुर्बीण आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे लोकांना बघायला सोडतात. आम्ही दिंडोशीहून पहाटे निघालो. कल्याण, मुरबाड, माळशेज, आळेफाटा, मग नारायणगाव. कल्याण आल्यावर त्याने मला एक गंमत सांगितली. भारतातल्या सुरुवातीच्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक याच कल्याणजवळ होती. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये ती उभारली, सूर्याचा अभ्यास करायला. त्यातल्या सहा-सहा फुटी ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियाने दिलेल्या होत्या. पार्क्सची दुर्बीण ज्या संस्थेची, त्याच संस्थेने. तरुणपणी तिथे शिकायला गेलेले स्वरूप याच तबकड्यांवर काम करून आले होते. म्हणजे जुन्या वस्तू टाकायच्या नाहीत हा धडा तिथेही! आम्ही आमचा बंब भंगारात दिला नाही, याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी आणि टोमॅटोचा बाजार. तिथून आत वळलं की शेतांच्या मधोमध पांढऱ्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, अशा ३० तबकड्या. १४ जवळजवळ, बाकी १६ तीन हातांवर लांबवर पसरलेल्या. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वारा आणि खर्च दोन्ही झेपले नसते. म्हणून स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरांवर ताणलेल्या तारेच्या जाळीची युक्ती काढली. वारा आरपार जातो आणि लांब लहरींना मात्र ती जाळी आरशासारखी असते. जीएमआरटी देशाला अर्पण झाली २००१ च्या ऑक्टोबरमध्ये. लॉरिमर यांची ठिणगी टेपवर उतरली तेही २००१ सालच. गोविंद स्वरूप २०२० च्या सप्टेंबरमध्ये गेले.

आत शिरताना मोबाइल बंद करायला लावतात. पूर्वी मला हा नुसता सरकारी नियम वाटला असता. आता पेरिटॉन माहीत होते, म्हणून मी पर्समधून काढून दोनदा तपासला.

या खोडदच्या दुर्बिणीचा एफआरबीच्या शोधात सुंदर वाटा आहे. एफआरबी १८०९१६ नावाची एक ठिणगी दर १६.३५ दिवसांनी जागी होते, काही दिवस बोलते आणि मग गप्प बसते. हे वेळापत्रक कॅनडातल्या चाइम दुर्बिणीने २०२० मध्ये शोधलं. (पुन्हा घड्याळ! पण हे घड्याळ आपलं नव्हे.) विश्वेश्वर राम मर्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सलग तीन फेऱ्यांमध्ये, ती ऐन बोलायच्या वेळी, जीएमआरटीने दोन-दोन तास कान लावला. पहिल्या वेळी शून्य ठिणग्या, दुसऱ्या वेळी १२, तिसऱ्या वेळी ३. मला यातला तो शून्य फार आवडतो. त्यांनी तो लपवला नाही, तसाच छापला. वेळ पाळणारी वस्तूसुद्धा दरवेळी सारखीच बोलते असं नाही, हे त्या शून्यामुळेच तर कळलं.

पुण्याच्या एनसीआरएमधले निस्सीम कणेकर आणि बलप्रीत कौर यांनी, झेवियर प्रोचास्का यांच्यासह, याच ठिणगीच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा नकाशा जीएमआरटीने काढला. तो २०२२ मध्ये आला. त्यावरून दिसलं की ही दीर्घिका नुकतीच एका लहान दीर्घिकेला गिळून बसलीय. अशा धडकेत वायू दाबला जातो, नवे तारे जन्मतात, आणि ठिणगी टाकणारी वस्तू त्या धामधुमीत जन्मली असावी.

पण ती वस्तू कोणती? एक काळ असा होता की ठिणग्या कमी आणि त्यांच्याबद्दलचे तर्क जास्त होते. मोठी खूण मिळाली २०२० च्या २८ एप्रिलला, आपण सगळे घरात कोंडलेले असताना. आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारने तशी ठिणगी टाकली. मॅग्नेटार म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा मुंबई शहराएवढा उरलेला गोळा, ज्याचं चुंबकत्व कल्पनेपलीकडचं असतं. चाइमने ती टिपलीच, शिवाय स्टेअर-२ नावाच्या अगदी छोट्या उपकरणानेही टिपली. त्याच्या कानात धातूच्या पाइपाभोवती केक भाजायची चक्क दोन भांडी बसवलेली होती! गोष्ट स्वयंपाकघरात अडकली होती, ती स्वयंपाकघरातल्या भांड्यानेच पुढे नेली. त्या गटात कॅलटेकचे श्रीनिवास कुलकर्णी होते, जन्माने आपल्या कुरुंदवाडचे.

मग झालं का उत्तर? नाही. लगेच २०२२ मध्ये एम-८१ या शेजारच्या दीर्घिकेतली एक ठिणगी म्हाताऱ्या ताऱ्यांच्या गुच्छातून येते असं निघालं. मोठे तारे मरून मॅग्नेटार होतात, पण त्या गुच्छातले मोठे तारे केव्हाच संपलेले. तिथे मॅग्नेटार आला कुठून? कदाचित दोन थकलेले तारे एकमेकांवर आदळून झाला असेल. कदाचित सगळ्या ठिणग्यांचं मूळ एकच नसेल. चाइमने २०२१ मध्ये एकदम ५३६ ठिणग्यांची यादी दिली, त्यातल्या काही पुन्हा येतात, बहुतेक पुन्हा दिसलेल्या नाहीत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुण्यात परम रुद्र महासंगणक सुरू झाला, त्याच्या मदतीने जीएमआरटीही आता असल्या ठिणग्या शोधतेय.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न आमच्या घरी नवऱ्याने विचारलाच. एक उपयोग असा झाला, की त्या फास्ट-स्लोच्या फरकावरून २०२० मध्ये दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत लपलेलं साधं द्रव्य मोजता आलं. हिशोबात ते असायला हवं होतं, पण कुणाला सापडत नव्हतं. मला मात्र याहून घरगुती उपयोग झाला. आवाज आला की आधी आपला माळा बघायचा. आणि माळा बघून झाला, की मग न कंटाळता जिना चढायचा.

काकांची माफी मी हॉस्पिटलात मागितली. बंबासकट सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला वाटायचं, खरंच मीच झोपेत काही करतो की काय." इतके महिने त्यांनी स्वतःवर संशय घेतला होता आणि मी एकदाही घेतला नव्हता. हे मला अजून लागतं.

आता ते काठी घेऊन चालतात. संध्याकाळी सासूबाईंशी गप्पा मारायला येतात. बंब घासूनपुसून हॉलमध्ये ठेवलाय, त्यात मनीप्लँट लावलाय. परवा भाच्याने दोघांना एफआरबीबद्दल सांगितलं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग किती वाजता येतो म्हणालास तो आवाज?"